उपग्रह दिसला, पण किती वाजता?

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक बघायचा माझा पहिला प्रयत्न साफ फसला. ॲपने दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीपासून मान वर करून उभा होतो. वेळ झाली, टळून गेली, आकाशात काही म्हणता काही हललं नाही. ढगही नव्हते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ॲपमध्ये मी माझं ठिकाण भरलंच नव्हतं. त्याच्या हिशेबी मी अक्षांश शून्य, रेखांश शून्यावर, म्हणजे गिनीच्या आखातात पाण्यावर उभा होतो. तिथून स्थानक छान दिसलं असणार.

हे आधीच सांगून टाकतो, कारण या छंदाला मोठी दुर्बीण लागते अशी नव्या माणसाची समजूत असते. दुर्बीण नसली तरी चालतं. आपण नेमके कुठे उभे आहोत आणि नेमके किती वाजलेत, हे मात्र पक्कं माहीत लागतं. उपग्रह कोणीही बघतो. तो कोणत्या ताऱ्याजवळून कोणत्या सेकंदाला गेला हे टिपलं, की त्याचा मागोवा घेणं सुरू झालं.

पहिली संध्याकाळ

सुरुवात अवकाशस्थानकापासूनच करा. ते साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून जातं, त्याची रुंदी शंभर मीटरच्या पुढे आहे, आणि डोक्यावरून जाताना ते व्याधापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतं. कधीकधी शुक्राच्या तोडीचं. शहराच्या दिव्यांतूनही सुटत नाही. पुढच्या दिवसांत ते तुमच्याकडून केव्हा जाणार हे 'हेवन्स-अबव्ह' या संकेतस्थळावर किंवा ॲपवर मिळतं. 'स्टेलॅरियम' हा मोफत आकाशदर्शक प्रोग्रॅमही ते दाखवतो. कुठलंही वापरा, पण आधी दोन गोष्टी तपासा: ठिकाण तुमचंच आहे ना, आणि दाखवलेली वेळ स्थानिक आहे की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. पहिली चूक मी केली, दुसरी बाकी सगळे करतात.

वेळापत्रकातली एक ओळ साधारण अशी असते:

सुरुवात १९:१२:१०, उंची १०°, दिशा नैर्ऋत्य. सर्वाधिक उंची १९:१५:२०, ६४°, वायव्य. शेवट १९:१६:२५, ३६°, उत्तर-ईशान्य. प्रत -३.४.

आता ही ओळ वाचू. 'उंची' म्हणजे किलोमीटर नव्हेत. क्षितिजापासून वर किती अंश, तो उन्नतांश. क्षितिज ०°, डोक्यावरचा बिंदू, म्हणजे खमध्य, ९०°. हात सरळ पुढे ताणून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते आणि करंगळीचं टोक एक अंश. क्षितिजावर एक मूठ ठेवली की १०° झाले. एकावर एक सहा मुठी आणि वर थोडं, की ६४°. दिशा कधीकधी आकड्यांत देतात, त्याला दिगंश म्हणतात: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०.

'प्रत' हे तेजाचं माप उलटं चालतं. आकडा लहान तितकी वस्तू तेजस्वी, आणि शून्याच्या खाली गेला तर आणखीच. अभिजित साधारण शून्य प्रतीचा, व्याध -१.५ च्या आसपास, शुक्र -४ च्या पुढे. अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचं दिसतं, शहरात तिसऱ्या-चौथ्यावरच गाडी अडते. सुरुवातीला यादीतल्या दुसऱ्या प्रतीपेक्षा मोठ्या आकड्याच्या, म्हणजे अंधूक उपग्रहांकडे बघूच नका. उगाच हिरमोड होतो.

एक फसवी गोष्ट. ॲपमधल्या गोल आकाशनकाशात पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे दिसेल. नकाशा चुकलेला नाही. तो डोक्यावर उताणा धरून बघायचा असतो. एकदा तसा धरून बघा, दिशा आपोआप जुळतात.

ठरल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर या, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. फोनचा पडदा अगदी मंद करा. वरच्या ओळीप्रमाणे तोंड नैर्ऋत्येकडे करून क्षितिजाच्या जरा वर नजर ठेवली, तर पिवळसर पांढरा, न लुकलुकणारा, आवाज नसलेला ठिपका वर चढताना दिसेल. आधी वाटतं विमान आहे. मग तो चढत राहतो, वेग घेतो. डोक्यावर आला की सेकंदाला साधारण एक अंश सरकतो, म्हणजे सेकंदभरात चंद्राच्या दोन बिंबांएवढं अंतर. आणि मग ईशान्येकडे, क्षितिज अजून बरंच खाली असताना, तो तांबूस होतो आणि काही सेकंदांत विझतो.

पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, 'अरे, गेला कुठे?'

सावली

गेला कुठेच नाही. पृथ्वीच्या सावलीत शिरला. ही सावली समजली की उपग्रह केव्हा दिसणार आणि केव्हा नाही, याचं निम्मं उत्तर ॲपशिवाय हाताशी येतं.

आपण जे बघतो ते उपग्रहाचे दिवे नसतात. त्याच्यावर पडलेलं ऊन असतं. म्हणून एकाच वेळी दोन अटी जमाव्या लागतात: आपल्याकडे अंधार हवा आणि वर उपग्रहावर ऊन हवं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी काही काळ या दोन्ही जमतात. मध्यरात्री जवळचे उपग्रह आपल्या बाजूने पूर्ण सावलीत असतात. डोक्यावरून डझनांनी जात असतील, दिसणार एकही नाही.

आकडे घालून बघू. चारशे किलोमीटर उंचीवरची वस्तू बरोबर आपल्या डोक्यावर असेल, तर सूर्य क्षितिजाखाली सुमारे २०° जाईपर्यंत तिच्यावर ऊन असतं. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला १५°. म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण ऐंशी मिनिटं. आठशे किलोमीटरवरच्या वस्तूला हीच मर्यादा २७° पडते, म्हणजे अर्धा तास जास्त. जसजसं विषुववृत्तापासून दूर जावं तसा सूर्य तिरका उतरतो आणि ही खिडकी लांबत जाते. उंच अक्षांशांवर ऐन उन्हाळ्यात सूर्य रात्रभर फार खाली जातच नाही, आणि तिथली मंडळी रात्रभर उपग्रह बघतात.

संध्याकाळी ही सावली पूर्वेकडून वर चढत येते. म्हणून संध्याकाळचं स्थानक पश्चिमेकडून उगवतं आणि पूर्वेच्या बाजूला मध्येच विझतं. पहाटे बरोबर उलट: आकाशाच्या मध्यावर कुठूनतरी एकदम प्रकट होतं आणि पूर्वेला क्षितिजापर्यंत दिसत राहतं. पहाटे पश्चिम क्षितिजावर त्याची वाट बघत बसू नका, ते तिथे असतं पण अंधारात. प्रकट होण्याची जागा आधी वाचून तिथेच नजर लावायची. माझ्या मते या छंदातला सर्वात गंमतीचा क्षण हाच. रिकाम्या आकाशात, सांगितलेल्या सेकंदाला, ठिपका पेटतो.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: 'गेल्या आठवड्यात रोज दिसत होतं, आता का नाही?' स्थानकाच्या कक्षेचं प्रतल, म्हणजे ती ज्या सपाटीत आहे ती, पृथ्वीभोवती हळूहळू फिरतं, दिवसाला पाच अंशांच्या आसपास पश्चिमेकडे. त्यामुळे ते काही दिवस संध्याकाळी दिसतं, मग गायब होतं, मग पहाटे दिसतं, आणि साधारण दोन महिन्यांनी चक्र पुन्हा मूळपदावर येतं.

तो नक्की कोण होता?

एकदा नजर बसली की न ठरवताही उपग्रह दिसायला लागतात, आणि ओळखण्याचा प्रश्न येतो. तांबडे-हिरवे दिवे किंवा ठरावीक तालात लखलखणारा पांढरा दिवा असेल तर ते विमान. अर्ध्या-एक सेकंदात संपलं तर उल्का. न लुकलुकता, एकाच गतीने, मिनिटभर किंवा जास्त सरकत राहिलं तर उपग्रह.

दिशाही बरंच सांगते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तिच्या वेगाचा फायदा मिळावा म्हणून बहुतेक प्रक्षेपणं पूर्वेकडे होतात. तसे उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेला जातात. उत्तर-दक्षिण जाणारे बहुधा ध्रुवीय कक्षेतले असतात: हवामानाचे, पृथ्वीची छायाचित्रं काढणारे, हेरगिरीचे. सरळ पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा दिसला तर तो दुर्मिळ. इस्राएल आपले 'ओफेक' उपग्रह भूमध्य समुद्रावरून पश्चिमेकडे सोडतं, म्हणून ते असे उलटे फिरतात.

काही ठिपके तालात तेजाळतात आणि मंदावतात. ती बहुतेक वेळा कामातून गेलेली रॉकेटची टप्पे-नळकांडी असतात. कोणाचंच नियंत्रण नसल्याने ती कोलांट्या खात फिरतात आणि सपाट बाजू उन्हाला आली की चमकतात. स्टॉपवॉच असेल तर दहा चमकांचा वेळ मोजा आणि दहाने भागा. काही महिन्यांनी त्याच नळकांड्याचा काळ पुन्हा मोजला आणि तो बदललेला निघाला, तर तुम्ही घरबसल्या अवकाशातल्या एका वस्तूची गिरकी मोजलीत.

एका रेषेत, माळेसारखे ठिपके दिसले तर ती स्टारलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची नुकती सोडलेली तुकडी. मे २०१९ मध्ये पहिले साठ उपग्रह एकदम गेले तेव्हा ती माळ बघून अनेक ठिकाणी लोक चक्रावले होते. काही आठवड्यांत ते आपापल्या उंचीवर जातात, माळ विखुरते आणि एकेक उपग्रह नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतका मंद होतो. जुन्या माहितीत 'इरिडियम फ्लेअर' वाचाल, इरिडियम या दूरध्वनीसाठीच्या उपग्रहांच्या पहिल्या पिढीतल्या आरशासारख्या अँटेनांवरून येणारे झगझगीत झोत. त्यातले नियंत्रणात असलेले उपग्रह जवळपास सगळे खाली आणले गेलेत. तो खेळ संपला, शोधत बसू नका.

स्थानकानंतर चीनचं स्वतःचं अवकाशस्थानक 'तिआनगोंग' बघा. त्याची कक्षा विषुववृत्ताशी साडेएकेचाळीस अंशांचा कोन करते, स्थानकाची ५१.६°. हा कोन म्हणजे कक्षेचा कल. उपग्रह आपल्या कलाएवढ्या अक्षांशापलीकडे कधीच डोक्यावर येत नाही. म्हणूनच २८.५° कलाची, अवकाशात फिरणारी हबल दुर्बीण विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनाच चांगली दिसते. उत्तर युरोपातला माणूस कितीही अंधारात गेला तरी ती त्याला दिसायची नाही.

टिपायचं कसं

इथून खरा मागोवा सुरू होतो. वही, पेन्सिल, स्टॉपवॉच आणि बरोबर लावलेलं घड्याळ एवढंच लागतं. फोनचं घड्याळ बहुतेक वेळा ठीक असतं, तरी इंटरनेटवरच्या प्रमाणवेळेशी ताडून पाहिल्याशिवाय विसंबू नका. हातातल्या घड्याळावर तर नाहीच.

आधी मार्ग बघून ठेवा आणि त्या मार्गावर जवळजवळचे दोन ठळक तारे निवडा, ज्यांच्या मधून उपग्रह जाणार आहे. पुनर्वसूचे दोन तारे यासाठी फार सोयीचे: दोघांत साडेचार अंशांचं अंतर, दोन्ही ठळक. मृगाच्या पट्ट्याचे तीन तारेही चालतात. उपग्रह त्या दोन ताऱ्यांना जोडणारी काल्पनिक रेषा ज्या क्षणी ओलांडतो, त्या क्षणी स्टॉपवॉच सुरू करा. डोळे वरच ठेवा आणि मनात नोंद करा की रेषा कुठे कापली: अगदी मधोमध, की वरच्या ताऱ्यापासून एक तृतीयांशावर. मग निवांत घड्याळाकडे जा आणि पुढचा पूर्ण मिनिट पडला की स्टॉपवॉच थांबवा.

समजा घड्याळात १९:१७:०० झाले तेव्हा थांबवलं आणि त्यावर २ मिनिटं ७.६ सेकंद आले. वजाबाकी करा: उपग्रहाने रेषा ओलांडली १९:१४:५२.४ ला. ही पद्धत उलटी वाटते, पण वर आकाशात बघता बघता घड्याळही वाचणं कोणालाच जमत नाही. उपग्रह रेषेकडे येताना दिसतच असतो, त्यामुळे अंगठा तयार असतो. सरावाने चूक सेकंदाच्या दोन-तीन दशांशांवर येते.

वहीत असं लिहा: तारीख (यूटीसीप्रमाणे, नाहीतर मध्यरात्रीच्या आसपास घोळ होतो), वेळ, दोन तारे, कुठे कापलं, अंदाजे तेज, आकाश कसं होतं. आणि पहिल्या पानावर एकदाच तुमचे अक्षांश-रेखांश, दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत. चौथ्या आकड्याचा फरक जमिनीवर साधारण अकरा मीटरचा असतो, तेवढं पुरे. नुसतं गावाचं नाव लिहून भागत नाही.

हे किरकोळ वाटेल, पण अवकाशयुगाची सुरुवात अशीच झाली. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९५६ मध्ये 'मूनवॉच' नावाची मोहीम उभी केली. हौशी लोक लहान दुर्बिणी घेऊन एका रांगेत बसत. प्रत्येकाच्या वाट्याला आकाशाचा एक तुकडा, आणि सगळ्या तुकड्यांची मिळून डोक्यावरून उत्तर-दक्षिण एक कुंपणपट्टी तयार होई. उपग्रह ती कुठेही ओलांडो, कोणीतरी ओरडणार आणि वेळ नोंदली जाणार. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक गेला तेव्हा ही मंडळी सज्ज होती. गंमत अशी की त्या दिवसांत नुसत्या डोळ्यांनी लोकांनी 'स्पुटनिक' म्हणून जे बघितलं ते बहुतेक त्याच्यामागून फिरणारं त्याचं रॉकेट होतं. ५८ सेंटिमीटरचा गोळा तसा दिसणं कठीण. अवकाशातल्या वस्तूंच्या यादीत आजही पहिला क्रमांक त्या रॉकेटचा आहे, स्पुटनिकचा दुसरा.

दोन ओळी

प्रत्येक ॲपच्या पोटात प्रत्येक उपग्रहाची कक्षा सांगणाऱ्या आकड्यांच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ६९ जागांच्या. त्यांना टीएलई (टू-लाइन एलिमेंट) म्हणतात. टी. एस. केल्सो यांच्या 'सेलेस्ट्रॅक' या संकेतस्थळावर त्या कोणालाही बघता येतात. पहिल्यांदा बघितल्या की छातीत धस्स होतं. खरं तर चार-पाच आकडे समजले की काम भागतं.

पहिल्या ओळीत यादीतला क्रमांक असतो, अवकाशस्थानकाचा २५५४४. त्यापुढे ९८०६७ए असं काहीतरी: १९९८ सालच्या ६७ व्या प्रक्षेपणातली पहिली वस्तू. हा स्थानकाचा पहिला भाग 'झार्या', नोव्हेंबर १९९८ मध्ये गेलेला. मग युग, म्हणजे हे आकडे कोणत्या क्षणाचे आहेत ते. २५१८४.५ असं असेल तर २०२५ सालचा १८४ वा दिवस, ३ जुलै, आणि .५ म्हणजे भर दुपारचे बारा, यूटीसी. ही जागा सर्वात आधी बघायची सवय लावा. आकडे किती शिळे आहेत ते इथे कळतं.

दुसऱ्या ओळीत कल असतो, ५१.६ च्या आसपास. कक्षा किती लंबगोल आहे त्याचा आकडा असतो, पण त्यातलं दशांशचिन्ह गाळलेलं: ०००६७०३ लिहिलं असेल तर वाचायचं ०.०००६७०३, म्हणजे जवळजवळ वर्तुळच. आणि शेवटाकडे दिवसाला किती फेऱ्या ते: साधारण १५.५. दिवसाच्या १४४० मिनिटांना याने भागा, एक फेरी ९३ मिनिटांची. संध्याकाळी एकदा दिसलेलं स्थानक दीड तासाने पुन्हा दिसू शकतं ते यामुळेच. मात्र तोवर पृथ्वी खाली फिरलेली असते, म्हणून मार्ग पश्चिमेकडे सरकलेला असतो.

हे आकडे हाताशी आले की वहीतली वेळ आणि गणिताने आलेली वेळ शेजारी ठेवा. एकदा माझ्या नोंदीत स्थानक आठ सेकंद उशिरा आलं. मार्ग तोच, तारे तेच, वेळ तेवढी मागे. घड्याळ तपासलं, बरोबर होतं. टीएलईची तारीख बघितली तर ती आदल्या दिवशीची, आणि मधल्या काळात स्थानक थोडं वर ढकललं गेलं होतं. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जाणाऱ्या वस्तूसाठी आठ सेकंद म्हणजे कक्षेत साठ किलोमीटर.

इथे मनाला चकवणारी एक गोष्ट आहे. उपग्रह वर ढकलला की उशिरा येतो, कारण मोठ्या वर्तुळाला वेळ जास्त लागतो. स्थानक एका किलोमीटरने उंचावलं तर प्रत्येक फेरी सव्वा सेकंदाने लांबते. दिवसभराच्या साडेपंधरा फेऱ्यांत एकोणीस सेकंद साठतात. आणि विरळ हवेच्या घर्षणाने जो उपग्रह 'रोखला' जातो तो लवकर येतो. ब्रेक लागला की तो खाली घसरतो, खालची कक्षा लहान आणि वेग जास्त. सूर्य खवळला की वरचं वातावरण फुगतं आणि हा परिणाम वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक अशाच एका सौरवादळात घर्षणाने खाली येऊन जळाले.

म्हणून नोंदीतला फरक चूक समजून पुसू नका. उपग्रह ठरल्या मार्गाच्या बाजूने गेला तर बहुधा तुमचं ठिकाण किंवा तारा चुकला. मार्गावरच पण लवकर-उशिरा आला, तर आधी घड्याळ, मग आकड्यांची तारीख बघा. दोन्ही ठीक असतील तर कक्षा बदललीय.

द्विनेत्री, कॅमेरा आणि कान

द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, घ्यायचीच असेल तर ७x५० किंवा १०x५०: पहिला आकडा वर्धन, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त वर्धनाच्या मोहात पडू नका, दृश्याची रुंदी कमी झाली की सरकणारा उपग्रह त्यात येतच नाही. आणि त्याच्या मागे धावू नका. मार्गावरच्या ताऱ्यावर द्विनेत्री रोखून थांबा, उपग्रह स्वतःच दृश्यात येईल. संधिप्रकाशात सूर्य पूर्ण मावळल्याची खात्री असल्याशिवाय त्या बाजूला द्विनेत्री अजिबात वळवायची नाही.

कॅमेऱ्यासाठी तिपाई, रुंद कोनाची लेन्स, एखाद्या ताऱ्यावर हाताने केलेला फोकस, आयएसओ ८०० ते १६००, दहा सेकंदांचं उघडझाप. चित्रात उपग्रहाची रेघ उमटते; तिची दोन टोकं म्हणजे शटर उघडल्याचा आणि मिटल्याचा क्षण. कॅमेऱ्याचं घड्याळ प्रमाणवेळेशी लावलेलं असेल तर एका चित्रात दोन मोजमापं मिळाली. कॅमेरा तसाच स्थिर ठेवून लांब उघडझाप केली तर कधी उलटाच प्रकार होतो: सगळे तारे रेघा ओढतात आणि एखादा ठिपका जागच्या जागी राहतो. तो ३५,७८६ किलोमीटरवरचा भूस्थिर उपग्रह, पृथ्वीबरोबरच फिरणारा.

ऐकण्याची वाट वेगळीच आहे आणि तिला ढगांची पर्वा नाही. स्वस्तातला यूएसबी रेडिओ रिसीव्हर आणि साधी अँटेना असेल तर स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा हौशी रेडिओ ऐकू येतो. ते जवळ येताना लहरींची वारंवारता थोडी वर असते आणि दूर जाताना खाली उतरते. त्या उतरणीवरूनही कक्षा काढता येते. २००५ च्या डिसेंबरात नासाचा 'इमेज' हा उपग्रह मुका झाला आणि सोडून दिला गेला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातले हौशी निरीक्षक स्कॉट टिली दुसऱ्याच उपग्रहाचा शोध घेत होते, तेव्हा त्यांना 'इमेज'चा आवाज सापडला. आधी ऐकली वारंवारता, मग लावली वेळ, मग ओळख पटली.

यादीत नसलेला

कधीतरी असा ठिपका जाईल जो कुठल्याच ॲपमध्ये नाही. काही लष्करी उपग्रहांच्या कक्षा अधिकृत यादीत देतच नाहीत. त्यांच्या कक्षा जगभरातले हौशी लोक आपापसात वेळा जुळवून स्वतःच काढतात. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेचं 'एक्स-३७बी' हे गुप्त अवकाशयान गेलं आणि महिन्याभरात हौशींनी ते हुडकून त्याची कक्षा मांडली.

पण तिथवर उडी मारण्याआधी क्रमाने तपासा. ॲपमध्ये ठिकाण बरोबर आहे? वेळ यूटीसी तर नाही? आकडे किती दिवसांचे आहेत? यादीत फक्त तेजस्वी उपग्रहच दाखवायचं ठेवलंय का? दहातले नऊ 'अनोळखी' इथेच गळतात, माझे तर सगळेच गळले आहेत. त्यातूनही उरला, तर वहीत 'अनोळखी' लिहा, पुढे वेळ, दोन तारे, दिशा, तेज. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधीपासून त्याच जागी उभे राहा, स्टॉपवॉच हातात घेऊन.